भावाचा टाइम

आमच्या घरात 'वेळ' हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात होता. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत बाई फळ्यावर 'वेळेचे महत्त्व' लिहायच्या आणि आम्ही निबंध उतरवून घ्यायचो. दप्तर खुंटीला टांगलं की वेळ संपली आणि टाइम सुरू झाला. सुरतेत आमच्यासारख्या खान्देशातून आलेल्या घरांमध्ये अजूनही तसंच आहे. शब्द एकच, पण घरातल्या प्रत्येकाने तो आपापल्या सोयीने वापरला.

वडिलांसाठी टाइम म्हणजे लूमची पाळी. कडोदऱ्याला एका खात्यात ते माग चालवायचे. सुरतेकडे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. वडील 'टाइमवर गेले' म्हणजे सकाळी गेले ते दिवेलागणीला येणार, किंवा रातपाळी असेल तर त्याच्या उलट. मायसाठी टाइम म्हणजे नळाचा टाइम. तो येऊन गेला आणि हंडे भरायचे राहिले, तर दिवसभर कोणी तिच्या तोंडी लागायचं नाही. धाकटा भाऊ हजीऱ्याला एका कारखान्यात कंत्राटी कामावर लागला, तेव्हा त्याचा टाइम म्हणजे गेटवर बोट टेकवून लागणारी हजेरी आणि त्यापुढचा ओव्हरटाइम. मोठा भाऊ साड्यांची दलाली करतो. त्याचा टाइम कापड मार्केटमध्ये असतो आणि तो नेहमी खोटी होत असतो, म्हणजे वाया जात असतो. 'टाइम खोटी करू नको' हे त्याचं वाक्य मी लहानपणापासून ऐकते आहे, म्हणजे तो दलाल व्हायच्या आधीपासून.

माझ्या बाबतीत हा शब्द नातेवाइकांनी वापरला. हिचा टाइम निघून चालला, असं आधी म्हणायचे. मग निघून गेला, असं म्हणायला लागले. आता कोणी काही म्हणत नाही. मी साड्या पॅक करून बाहेरगावी पाठवणाऱ्या एका युनिटमध्ये डिस्पॅच सांभाळते. कोणतं पार्सल कोणत्या ट्रान्सपोर्टने, कोणत्या दिवशी, कोणाच्या सहीने निघालं, हे माझ्याकडे लिहिलेलं असतं. घरातही माझ्या याद्या असतात, आणि भावंडांनी त्यांची भरपूर थट्टा करून झाली आहे. करू देत. याद्या नसत्या तर मायचं शेवटचं दीड वर्ष कसं निभलं असतं, ते मला ठाऊक आहे.

पण आधी लूमची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

खात्यात माग दिवसरात्र चालतात. माणूस बदलतो, माग थांबत नाहीत. संध्याकाळी जोडीदार आला की वडील त्याला मागांमधून एक फेरी मारायला लावायचे. कुठे तार तुटायला लागलीय, कुठल्या मागाचा आवाज बदललाय, कुठे कापडाला दोष पडलाय, हे सगळं बघून त्याने मान डोलावली की माग त्याचे. तोवर वडिलांचे. जोडीदार आला नाही, तर वडिलांनी निघायचं नाही. तो आजारी असो, दारू पिऊन पडलेला असो किंवा गावी गेलेला असो. खात्याने दुसरा बदली माणूस आणून उभा केला तर ठीक, नाहीतर तसंच पुढे चालवत राहायचं. आणि बदली कोण आला, कुठला आला, हे कोणी विचारायचं नाही. मागापाशी माणूस उभा असला की झालं.

या रीतीपायी वडील मोठ्या भावाच्या साखरपुड्याला पोचले नाहीत. त्यांचा जोडीदार ओडिशाचा होता, चांगला माणूस, पण त्या दिवशी तापाने फणफणला होता. पाहुणे जेवले, नारळ दिले-घेतले, टेम्पोत बसून गेले. मग वडील आले, केसांत धाग्याचे तंतू घेऊन, आणि उरलेला भात खाऊन झोपले. मायने कुरकूर केली नाही. जोडीदार आला नाही म्हटल्यावर माणूस कसा येणार, एवढंच ती पाहुण्यांना सांगत होती. मोठा भाऊ मात्र दोन दिवस वडिलांशी बोलला नाही.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. माय त्याच गल्लीतल्या त्याच घरात एकटी राहायची, आणि आम्ही तिघं तीन दिशांना. मी पाच गल्ल्या सोडून, धाकटा इच्छापोरला, मोठा नदीपलीकडे नव्या सोसायटीत. मग मोरीत पाय घसरून मायचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय पुन्हा धड टेकला नाही. तिला उठवायला, बसवायला, लघवी-संडासाचं भांडं द्यायला माणूस लागायचा, आणि तोही चोवीस तास.

मोठ्याकडे न्यायचा विषय निघाला. वहिनीचे गुडघे दुखतात आणि मुलांच्या परीक्षा आहेत, असं तो म्हणाला. धाकट्याची एकच खोली. माझ्या घराचा जिना अरुंद, वर खुर्ची चढत नाही. शिवाय मायचं म्हणणं होतं की मी माझ्या घरातून हलणार नाही. तेव्हा आम्ही तिघांनी तिथेच पाळ्या लावायचं ठरवलं. मी कागद घेऊन बसले. सकाळ, दुपार, रात्र असे तीन टाइम. धाकट्याच्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात, त्या धरून त्याला आणि त्याच्या बायकोला मिळून मुख्यतः रात्री आणि राहिलेल्या दुपारी. मी कामाच्या दिवशी पहाटे आणि संध्याकाळी, रविवारी पूर्ण. मोठ्याला दिवसाचे काही टाइम, मार्केट उशिरा उघडतं म्हणून सकाळचे जास्त. नियम कोणता, हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. धाकटाच म्हणाला, "लूमसारखं. पुढचा आल्याशिवाय हलायचं नाही." मोठ्याने मान डोलावली. धाकट्याने वर मला चिमटाही काढला की ताई, आता मायच्या पलंगाला बोट टेकवायचं पंचिंग मशीन पण बसवून टाक. माय पलंगावरून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तक्ता मी पलंगासमोरच्या भिंतीला लावला. मायला वाचता येत नव्हतं. तरी रोज उठल्यावर ती त्याच्याकडे बघायची आणि जो असेल त्याला विचारायची, "आज कोना टाइम शे?" आज कोणाचा टाइम आहे. मी सांगायची. माझं किंवा धाकट्याचं नाव आलं की ती हूं म्हणायची. मोठ्याचं आलं की डबीतले दात मागायची.

तिची कवळी होती. एरवी ती घालायची नाही, हिरड्या दुखतात म्हणून. भाकरीसुद्धा दुधात कुस्करून खायची. पण मोठ्या भावाचा टाइम असला की दात, धुतलेलं पातळ, आणि केसांना तेल. हे सगळं तो येण्याआधी मीच करून द्यायची, कारण त्याच्या आधीचा टाइम माझा असायचा. पहिल्या दोन-तीन वेळा तो आलाही. खुर्ची ओढून बसायचा, फोनवर गुजरातीत भाव ठरवायचा, आणि माय त्याच्याकडे बघत पडून राहायची. तो बोलत नव्हता तिच्याशी फारसा. तरी ती खूश असायची.

मग एके सकाळी त्याच्या टाइमला एक बाई आली. पन्नाशीतली, नीटनेटकी, आधी कुठल्याशा दवाखान्यात आया होती. भाऊंनी पाठवलंय, म्हणाली. मी त्याला फोन लावला.

"अगं, बदली दिलीय ना मी," तो म्हणाला. "लूमचाच नियम आहे. माणूस उभा असला की झालं."

मी त्याला म्हटलं की ही लूम नाही. तो म्हणाला की नियम तुम्हीच लूमचा लावलात, आणि माझ्यासमोर चार व्यापारी बसलेत, टाइम खोटी होतोय, आणि फोन ठेवला.

त्याच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती, हेच मला जास्त लागलं. बाई कामाची होती. माझ्यापेक्षा चांगली कूस बदलून द्यायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर कुठे आणि किती लावायची ते तिला माहीत होतं. पगार भाऊ देत होता, वेळेवर देत होता. तक्त्यात त्याच्या नावापुढे कधी रिकामी जागा राहिली नाही. धाकटा मला म्हणाला, ताई, तू उगाच ताणू नको, त्याने माणूस दिलाय, आपल्याला तेही जमलं नसतं. धाकट्याची बायको म्हणाली की तिला पण एक अशी बदली मिळाली तर बरं होईल. ती थट्टेत म्हणाली, पण तिचे डोळे रात्रीच्या जागरणाने सुजलेले होते.

मायला मात्र ते समजून घ्यायला काही आठवडे लागले. आधी तिला वाटलं भाऊ आजारी आहे. मग वाटलं, गावी गेलाय. प्रत्येक वेळी ती दात लावून बसायची, दाराशी चप्पल वाजली की मान वळवायची, "भाऊ उना का?" आणि ती बाई आत यायची. मग माय दात काढून डबीत टाकायची. त्या बाईशी ती वाईट वागली नाही. तिला चहा करून घे म्हणायची, तिच्या मुलांची चौकशी करायची. पण त्या बाईच्या हातून जेवताना ती दोन घासांवर थांबायची आणि संध्याकाळी मी आले की भूक लागलीय म्हणायची.

माझ्याजवळ ती भावाबद्दल कधी तक्रार करत नव्हती. उलट त्याला किती कामं, किती दगदग, हे मला ऐकवायची, जणू तो कुठे बसून आराम करतोय असं मी म्हटलं होतं. एकदाच, मी तिचे पाय चोळत होते तेव्हा, भिंतीकडे तोंड करून म्हणाली की एक दिवस त्याने नुसतं येऊन बसावं. काही करू नये. भांडं तर अजिबात देऊ नये, पुरुषाच्या हातून ते बरं नाही वाटत. नुसतं बसावं. मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून भावाला फोन करून शब्दशः सांगितलं.  तो म्हणाला, सीझन संपू दे.

सुरतेच्या मार्केटमध्ये सीझन संपत नाही. लग्नसराई गेली की राखीपौर्णिमा येते, ती गेली की दिवाळीचा माल. हे मला डिस्पॅचच्या टेबलावर बसून त्याच्याइतकंच ठाऊक होतं.

मग त्या बाईच्या भाचीचं लग्न निघालं. ती महिनाभर आधीपासून सांगत होती. भावाने दुसरी बदली शोधली, ती ऐनवेळी फिरली. आदल्या दिवशी त्याने मला फोन केला आणि त्याच्या टाइमला मीच जावं असं सुचवलं. मी सांगितलं की पहाटेपासून मी आहेच, सकाळी मला कामावर जायचंय. तो चिडला. मग म्हणाला की ठीक आहे, मी येतो, पण दुपारी बाराला तू येऊन मला सोडव. बाहेरगावची पार्टी येणार आहे, एक वाजता मला मार्केटमध्ये असायलाच हवं.

"येशील ना नक्की? तुझं काय, तुला टाइम आहे," तो म्हणाला.

मी येते म्हटलं.

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. तुला टाइम आहे. नवरा नाही, मुलं नाहीत, म्हणजे हिच्याकडे टाइम पडून आहे, कोपऱ्यात ठेवलेल्या रिकाम्या खोक्यांसारखा, ज्याला हवं त्याने उचलून न्यावा. भाऊ म्हणायचा, वहिनी म्हणायची, मावश्या म्हणायच्या, ऑफिसात शेठही म्हणायचे. मी प्रत्येक वेळी ऐकून घेत आले. त्या दिवशीही घेतलं.

सकाळी मी मायला अंघोळ घातली, दात दिले, पातळ नेसवलं. भाऊ येतोय, असं सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही. तो खरंच दारात आला तेव्हा तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मी त्याला औषधं दाखवली, जेवण झाकून ठेवलंय ते दाखवलं, भांडं कुठे आहे ते दाखवलं, कूस कशी बदलायची ते करून दाखवलं. वडील जोडीदाराला मागांमधून फिरवायचे तसंच. त्याने मान डोलावली. मी चप्पल घातली आणि निघाले.

ऑफिसला मी अर्ध्या दिवसाची रजा आधीच टाकलेली होती, बाराला परत जायचं म्हणून. अकरा वाजता मी टेबल आवरलं. रस्त्यावर आले. रिक्षा समोर उभी होती. आणि मी रिक्षावाल्याला मायच्या गल्लीचं नाव सांगितलं नाही. चष्म्याच्या दुकानाचं सांगितलं.

चष्म्याचा नंबर बदलायचा राहून बरेच महिने झाले होते. माझ्या यादीत तो सगळ्यात वर होता आणि दर आठवड्याला नव्या यादीत उतरत होता. दुकानात मी निवांत बसून अक्षरं वाचली. फ्रेम निवडायला कधी नाही एवढा वेळ लावला. मग बँकेत केवायसीचे कागद दिले. मग शिंप्याकडे ब्लाउज. मग एका खानावळीत थाळी घेतली आणि ती पूर्ण, गरम असताना, बसून खाल्ली. फोन पिशवीत होता. तो वाजत होता, मला कळत होतं. मी काढला नाही. धाकटा त्या दिवशी हजीऱ्याला सकाळच्या पाळीत होता, तिथे फोन गेटवर जमा करावा लागतो. त्याची बायको माहेरी गेलेली. म्हणजे भावाला दुसरा कोणी सापडणार नव्हता, आणि हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. तक्ता मीच केला होता.

या गोष्टीबद्दल मला लोकांनी नंतर बरंच ऐकवलं. मला तेव्हाही काही चुकलं असं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. मायपाशी माणूस होता. तिचा स्वतःचा मुलगा होता. नियम सगळ्यांना मान्य होता.

संध्याकाळी मी दार ढकललं तेव्हा भाऊ खुर्चीवर बसलेला होता. शर्टाच्या बाह्या वर, पँटवर डाळीचे डाग. शेजारच्या मावशी येऊन बसायला तयार होत्या, असं मला पुढे कळलं, पण त्यांना माय उचलवत नाही, म्हणून तो निघू शकला नव्हता. भांडं त्यालाच द्यावं लागलं होतं. पार्टी बसून बसून निघून गेली होती. तो उठला, पण ओरडला नाही. त्याचा आवाज उलट खाली गेला होता.

"टाइम म्हणजे टाइम असतो," तो म्हणाला. "माणसाने शब्द दिला की पाळावा."

मी म्हटलं, जोडीदार आला नाही की काय करायचं असतं, तुला ठाऊक आहे. बाबा तुझ्या साखरपुड्याला आले नव्हते.

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं त्याला आता कळेल, निदान राग येईल, काहीतरी होईल. त्याने खिशातून किल्ल्या काढल्या आणि म्हणाला, "तेव्हाही मला त्यांचा राग आला होता." मग मायकडे वळला, येतो म्हणाला, आणि गेला.

मी मायजवळ गेले. तिचे केस विस्कटलेले होते, पातळाला डाळ लागली होती, उशी चुकीच्या बाजूला होती. पण दात अजून तोंडात होते. एवढा वेळ तिने ते कधी ठेवले नव्हते, हिरड्या नक्की सोलल्या असणार. मी विचारलं, भाऊ बसला ना दिवसभर? तिला जे हवं होतं ते झालं, निदान तेवढं तिच्या तोंडून ऐकावं, असं मला वाटत होतं. ती माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की मी लहानपणी नळाचा टाइम चुकवला होता तेव्हासुद्धा तिने तसं बघितलं नव्हतं.

"तुना भाऊले किती कामं ऱ्हातस," ती म्हणाली. "तू टायमावर येवाले नको का?"

मी ओल्या फडक्याने तिचं पातळ पुसलं. डाळ वाळली होती, घासून निघेना. मग पातळच बदललं.

भाऊ त्यानंतर तक्त्यातून बाहेर पडला. भांडण झालं नाही. त्याने धाकट्याला सांगितलं की तिच्या भरवशावर मी धंदा ठेवू शकत नाही, ती बाई आता कायमची सकाळी येईल, माझं नाव काढून टाका. मी नाव काढलं. त्याच्या जागी त्या बाईचं लिहिलं. वहिनीने समाजातल्या दोन-तीन घरी माझी गोष्ट सांगितली, मी आजारी आईला टाकून बाजारात फिरत होते अशी. एका हळदीकुंकवाला मला कोणी वाण दिलं नाही. खरं तर आमच्याकडे कुमारिकेला तसंही देत नाहीत, पण आधी शेजारच्या मावशी मला हाक मारून गूळपोळी तरी हातात ठेवायच्या.

हे मला अपेक्षित होतं. जे अपेक्षित नव्हतं ते मायकडून आलं.

दिवाळीच्या आधी धुळ्याकडचे काही पाहुणे मायला बघायला आले. दोन मावश्या, एक चुलत मामा. मी स्वयंपाकघरात होते. मधे पडदा आहे, सगळं ऐकू येतं. मामांनी विचारलं, पोरं बघतात ना नीट? आणि मायने सांगायला सुरुवात केली.

"मना आंडोर दुकान बंद करीसन दिवसभर मनापान बठना," ती म्हणाली.

माझा मुलगा दुकान बंद करून दिवसभर माझ्याजवळ बसला. दलालाला दुकान कुठून असणार. त्याने तिला हाताने जेवू घातलं. त्याने तिला भांडंसुद्धा दिलं, एवढा मोठा माणूस, लाज धरली नाही. बाहेरगावचे मोठे व्यापारी त्याची वाट बघत बसले आणि परत गेले, पण माझ्या आईपुढे काही नाही, असं तो म्हणाला. हे तो कधी म्हणाला असेल असं मला वाटत नाही. पण मायच्या आवाजात शंका नव्हती. मावश्यांनी च्, च् केलं. मामा म्हणाले, असा मुलगा आजकाल कुठे मिळतो. माय म्हणाली, सीझनमध्ये, बरं का, ऐन सीझनमध्ये.

पुढे जो कोणी आला त्याला तिने हे सांगितलं. शेजारणींना, दूधवाल्याला, ड्रेसिंग करायला येणाऱ्या मुलीला, आणि त्या बदली बाईलासुद्धा, जिने तिचं रोज सगळं केलं. सांगता सांगता तो दिवस वाढत गेला. काही महिन्यांनी तो दोन दिवसांचा झाला होता, आणि भाऊ खाली चटईवर झोपला होता. मी एकदाही तोंड उघडलं नाही. धाकट्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं की तू तिला खरं का सांगत नाहीस, तूच त्याला अडकवलंस म्हणून तो बसला. मी त्याला म्हटलं, पहाटे तुला सोडवायला येताना तुझा डबा मी भरून आणते, ते तू कधी कोणाला सांगतोस का. तो विषय तिथे संपला.

खरं सांगून काय झालं असतं? तिला जे हवं होतं ते तिला मिळालं होतं, आणि ते माझ्याकडून मिळालं नव्हतं. मी दिलेलं रोजचं होतं. रोजच्याचं काय सांगायचं असतं पाहुण्यांना.

दिवाळीआधी ते पाहुणे बसले होते तेव्हा धाकट्या मावशीने मायला मधेच विचारलं होतं, आणि तुझी पोरगी? तीही इथेच राहते ना जवळ, ती कुठे होती त्या दिवशी? मी चहा गाळत होते. गाळणी हातात तशीच धरून उभी राहिले. मायला उत्तर द्यायला जराही वेळ लागला नाही.

"तिले टाइम नही व्हता," ती म्हणाली.

मी चहा कपांत ओतला. पडद्यातून बाहेर गेले आणि बिनसाखरेचा कोणाला हवा ते विचारलं. मामांना हवा होता.